जर्मनचं पातेलं

दिवाळीआधी माळा आवरायला काढला की आमच्या घरात एक भांडण ठरलेलं असतं. काय ठेवायचं आणि काय भंगारात द्यायचं. यंदाचं भांडण झालं एका पातेल्यावरून. जर्मनचं पातेलं, पाचेक लिटरचं, बुडाला काळं, काठाला एके ठिकाणी चेमटलेलं. (नव्या पिढीसाठी खुलासा: जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. 'जर्मन सिल्व्हर' हा खरं तर तांबं, जस्त आणि निकेल यांचा वेगळाच मिश्रधातू. पण आपल्याकडे पांढरं, हलकं, स्वस्त भांडं म्हणजे जर्मनच!) धाकटी बहीण भाऊबीजेसाठी लवकर आली होती. ती म्हणाली, "दादा, हे आधी बाहेर टाक. ह्याच्यामुळंच आईचं असं झालं."

'असं' म्हणजे अल्झायमर. राजाबाजारच्या संस्थान गणपतीला चाळीस वर्षं चालत जाणारी आई २०१८ मध्ये एका चतुर्थीला घरी परतलीच नाही. गुलमंडीवर एका दुकानाच्या पायरीवर बसली होती. ओळखीच्या माणसाने रिक्षात घालून आणून सोडलं. पुढे तपासण्या झाल्या, निदान झालं. आणि निदान झाल्यावर पहिल्याच आठवड्यात फोनवर एका नातेवाइकांनी (तुम्ही वाचत असाल तर राग मानू नका) विचारलं होतं, "तुमच्याकडे सगळा स्वयंपाक जर्मनच्या भांड्यात व्हायचा ना?"

हा प्रश्न मला का लागला ते सांगतो. आमच्याकडे पूर्वी पितळी भांडी होती, आईच्या लग्नातली. कल्हईवाला गल्लीत भाता लावून बसायचा, नवसागराचा धूर डोळ्यांत जायचा, आणि आम्ही पोरं काळ्या पातेल्याचं चांदीचं होताना बघत उभे राहायचो. कल्हई उडाली की आमटी कळकायची, म्हणून तो खर्च टाळता येत नसे. १९८४ साली मला पुण्याला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला. फी आणि मेसचे पैसे एकदम भरायचे होते. आईने दोन हंडे, घंगाळ आणि चार पातेली कासारी बाजारात नेऊन मोडीत घातली. येताना हे जर्मनचं पातेलं घेऊन आली. त्यानंतर वीस-बावीस वर्षं आमचं वरण, चिंचेचं सार, दूध, सगळं ह्यातच.

म्हणजे बहिणीचं खरं असेल तर गुन्हेगार पातेलं नव्हे, मी!

मी काही डॉक्टर नाही. पण गेली सहा-सात वर्षं ह्या विषयावर जे हाती लागलं ते वाचत आलो. अल्झायमर कशामुळे होतो ह्या प्रश्नाचा इतिहास म्हणजे एका न संपणाऱ्या खटल्याचा इतिहास आहे. आरोपी बदलतात, साक्षीपुरावे बदलतात, काही निर्दोष सुटतात, काहींवर संशय कायम राहतो. तो इतिहास आज जमेल तसा लिहून काढतोय. बहिणीसाठी, त्या फोनवाल्या नातेवाइकांसाठी, आणि माझ्यासाठीही.

आपल्याकडे ह्या आजाराचं स्पष्टीकरण फार सोपं होतं. साठी बुद्धी नाठी. म्हातारचळ. म्हणजे वय हेच कारण, त्यात शोधायचं काय? 'स्मृतिभ्रंश' हा आज डॉक्टर वापरतात तो शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही आहे, पण तिथे तो एका साखळीत येतो. विषयांची आसक्ती, त्यातून काम, क्रोध, मग मोह, मग स्मृतिभ्रंश आणि शेवटी बुद्धिनाश. तिथे बोलणं मनाच्या शिस्तीबद्दल आहे, रोगाबद्दल नाही हे मला समजतं. पण विसरण्याच्या मुळाशी माणसाचा काहीतरी दोष असणार, ही समजूत लोकांच्या मनात मुरलेली आहे. "तरुणपणी फार चिडायची ना तुझी आई?" असंही मला एका बाईंनी विचारलंय.

युरोपातही फार वेगळं नव्हतं. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात ऑगस्टे डेटर नावाची बाई दाखल झाली. वय अवघं ५१. नवऱ्यावर संशय, घरातल्या वस्तू लपवणं, रात्री चादरी ओढत भटकणं. तिथले डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी तिला प्रश्न विचारले आणि उत्तरं जशीच्या तशी उतरवून घेतली. नाव विचारलं, तिने ऑगस्टे सांगितलं. आडनाव विचारलं, पुन्हा ऑगस्टे. नवऱ्याचं नाव? तेही ऑगस्टे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे वाचवेना, कारण त्याच आठवड्यात आईला डॉक्टरांनी माझं नाव विचारलं होतं.

अल्झायमर पुढे म्युनिकला गेले, पण ऑगस्टेला विसरले नाहीत. एप्रिल १९०६ मध्ये ती वारली तेव्हा त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला. त्या काळात चांदीच्या क्षारांनी मेंदूचे काप रंगवण्याची नवी पद्धत निघाली होती. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर साचलेले गोळे, ज्यांना आज प्लाक म्हणतात, आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या एका सभेत त्यांनी हे मांडलं. कोणी एक प्रश्न विचारला नाही. १९१० साली त्यांचे वरिष्ठ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात ह्या रोगाला अल्झायमरचं नाव दिलं.

त्याच सुमारास प्रागमध्ये ऑस्कर फिशर नावाचा डॉक्टर हेच काम जास्त रुग्णांवर करत होता. १९०७ मध्ये त्याने म्हाताऱ्या रुग्णांच्या मेंदूंचं वर्णन छापलं. १६ पैकी १२ मेंदूंमध्ये त्याला प्लाक सापडले होते. पण तो ज्यू होता. १९४१ मध्ये गेस्टापोने त्याला पकडलं आणि १९४२ मध्ये तेरेझीनच्या तुरुंगात त्याचा अंत झाला. रोगांना नावं मिळतात ती कशी, याचा विचार करताना मला हा माणूस आठवतो.

पण क्रेपेलिननी नाव देताना एक घोळ करून ठेवला. अल्झायमरचा रोग म्हणजे पन्नाशी-साठीच्या आतला, दुर्मिळ. म्हाताऱ्यांना होतं ते वेगळं, ते 'वयोमानाने'. म्हणजे पुन्हा साठी बुद्धी नाठी! त्यामुळे पुढची पन्नास वर्षं म्हाताऱ्यांच्या विसरण्याकडे रोग म्हणून फारसं कोणी बघितलंच नाही. १९३० आणि ४० च्या दशकांत अमेरिकेत डेव्हिड रॉथशिल्ड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने वेगळी मांडणी केली. मेंदूत तेवढेच बिघाड असूनही एक माणूस ठीक राहतो आणि दुसरा भरकटतो, तेव्हा स्वभाव, आयुष्यातले धक्के, एकटेपण यांचाही हात असला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. निरीक्षण खोटं नव्हतं, पुढे त्याचा उपयोगही झाला. पण घरच्यांच्या कानावर ते कसं पडलं असेल याची कल्पना मला करता येते. "तुम्ही त्यांना एकटं टाकलंत."

१९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी एक साधं पण चिकाटीचं काम केलं. वृद्धांच्या जिवंतपणी त्यांची स्मरणशक्ती मोजली आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूतले प्लाक मोजले. विस्मरण जास्त तिथे प्लाक जास्त, असं १९६८ मध्ये त्यांनी दाखवलं. १९७६ साली अमेरिकन न्यूरॉलॉजिस्ट रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका छोट्या संपादकीयात लिहिलं की तरुणांचा आणि म्हाताऱ्यांचा हा रोग एकच आहे, आणि तसं धरलं तर तो मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी एक ठरतो. म्हातारचळाचा आजार झाला तो तेव्हा. त्याच वर्षी एडिंबरोच्या दोन संशोधकांनी दाखवलं की ह्या रुग्णांच्या मेंदूत अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन बनवणारं विकर खूप घटलेलं असतं. आई रोज रात्री घेते ती डोनेपेझिलची गोळी ह्याच शोधातून आली. उरलंसुरलं अ‍ॅसिटिलकोलिन ती थोडं जास्त वेळ टिकवते. रसायन घटतं ते पेशी मरतात म्हणून; पेशी का मरतात, ह्याचं उत्तर त्या गोळीत नाही.

आता आपलं पातेलं.

अ‍ॅल्युमिनियमवर पहिला संशय आला तो सशांमुळे. १९६५ मध्ये सशांच्या मेंदूत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार टोचल्यावर पेशींत गुंते तयार झाले. १९७३ मध्ये टोरांटोच्या क्रॅपर यांच्या चमूने (त्यात कृष्णन नावाचे एक शास्त्रज्ञही होते) अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत अ‍ॅल्युमिनियम जास्त असल्याचं 'सायन्स' मध्ये छापलं. त्यानंतर डायलिसिसवरच्या रुग्णांचे मेंदू बिघडल्याची प्रकरणं पुढे आली. डायलिसिसच्या पाण्यातून अ‍ॅल्युमिनियम थेट रक्तात जात होतं. १९८८ मध्ये इंग्लंडमधल्या कॅमलफर्ड गावाच्या पिण्याच्या पाण्यात चुकून २० टन अ‍ॅल्युमिनियम सल्फेट ओतलं गेलं आणि पुन्हा घबराट उडाली. एवढं सगळं झाल्यावर बातमी आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचणारच. आमच्याकडे वर्तमानपत्राचं एक कात्रण कितीतरी दिवस फ्रिजवर चिकटवलेलं होतं.

मग उलटतपासणी झाली. सशांमधले गुंते माणसातल्या गुंत्यांसारखे नव्हते, त्यांची घडण वेगळी होती. डायलिसिसच्या रुग्णांचा आजारही वेगळा, त्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा दिसत नव्हत्या. आणि १९९२ मध्ये 'नेचर' मध्ये एक फार मजेशीर गोष्ट छापून आली. न रंगवलेले मेंदूचे काप तपासले तर प्लाकच्या गाभ्यात अ‍ॅल्युमिनियम सापडेना. रंगवलेल्या कापांत मात्र ते मिळे, आणि प्रयोगशाळेत वापरायच्या द्रव्यांतही मिळे. म्हणजे आरोपीच्या बोटांचे ठसे म्हणून जे दाखवलं जात होतं, ते काही अंशी तपास करणाऱ्यांच्याच हातून उमटलेले! शिवाय खाण्यातून पोटात जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमचा एक टक्कासुद्धा रक्तात शोषला जात नाही, आणि जे शोषलं जातं ते धडधाकट मूत्रपिंडं बाहेर टाकतात. आंबट पदार्थ त्यात शिजवू नये, ठेवू नये हे खरंच. पण जर्मनच्या पातेल्यात शिजवल्याने अल्झायमर होतो, असा पुरावा उभा राहिला नाही.

हे वाचून संपवलं त्या रात्री मी शांत झोपलो. पण तो सुटकेचा आनंद फार टिकला नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

गंमत अशी की ज्या १९८४ साली आमचं पितळ मोडीत गेलं, त्याच वर्षी खटल्यातला मुख्य आरोपी ठरणारा पदार्थ पकडला गेला. कॅलिफोर्नियात जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांमधून बीटा अमायलॉइड नावाचं छोटं प्रथिन वेगळं काढलं. प्लाकमध्ये साचतं ते हेच. डाऊन सिंड्रोम असलेल्यांत २१ वं गुणसूत्र एक जास्त असतं, आणि चाळिशीत त्यांच्या मेंदूत असेच प्लाक दिसतात. १९८७ मध्ये ह्या प्रथिनाचा जनुक सापडला तोही २१ व्याच गुणसूत्रावर. १९९१ मध्ये लंडनच्या जॉन हार्डी, अ‍ॅलिसन गोट यांच्या चमूला नॉटिंगहॅमच्या एका कुटुंबात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या पन्नाशीतच हा आजार होत होता, त्याच जनुकात चूक सापडली. १९९२ मध्ये सिद्धांत पूर्ण आकाराला आला. आधी अमायलॉइड साचतं, त्यातून बाकी सगळी पडझड होते. धबधब्यासारखी, पायरीपायरीने.

अशा थेट घराण्यात चालणाऱ्या केसेस मात्र शंभरात एखादी. ऑगस्टेचीच गंमत बघा. तिची हरवलेली फाइल १९९५ मध्ये फ्रँकफर्टला सापडली, काचपट्ट्या म्युनिकच्या तळघरात सापडल्या. शंभर वर्षं जुन्या त्या कापांतून तिला जनुकीय दोष होता असा निष्कर्ष २०१२-१३ मध्ये आला, आणि २०१४ मध्ये दुसऱ्या तपासणीत तो दोष सापडलाच नाही! बाकीच्यांसाठी १९९३ मध्ये सापडलेला एपीओई-४ हा जनुकाचा प्रकार महत्त्वाचा, पण तो फक्त धोका वाढवतो. तो असून ठणठणीत राहिलेले आणि नसूनही आजारी पडलेले भरपूर आहेत.

मग औषधांची रांग लागली. अमायलॉइडविरुद्धच्या लशीची चाचणी २००२ मध्ये थांबवावी लागली, काही रुग्णांच्या मेंदूला सूज आली होती. त्यानंतर एकामागून एक औषधं पडली. काहींनी अमायलॉइड साफ केलं तरी आठवणी परत आल्या नाहीत. शंका घेणाऱ्यांच्या हातात अमेरिकेतल्या जोगिणींचा अभ्यास होता. ६७८ जोगिणींनी मृत्यूनंतर आपला मेंदू द्यायचं कबूल केलं होतं, आणि त्यातली एकशे एकाव्या वर्षी वारलेली एक जोगीण शेवटपर्यंत तल्लख होती, तरी तिच्या मेंदूत प्लाक आणि गुंते खच्चून भरलेले होते. त्यात २००६ च्या एका गाजलेल्या शोधनिबंधातल्या चित्रांत फेरफार असल्याचं २०२२ मध्ये उघड झालं आणि २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला. सगळा अमायलॉइड सिद्धांत त्या एका निबंधावर उभा नव्हता, हे इथे सांगायला हवं. पण विश्वासाला तडा गेला तो गेलाच.

२०२१ मध्ये अमेरिकेत अ‍ॅड्युकॅनुमॅबला तज्ज्ञांचा विरोध डावलून मंजुरी मिळाली आणि २०२४ मध्ये कंपनीनेच ते गुंडाळलं. लेकॅनेमॅबला २०२३ मध्ये आणि डोनॅनेमॅबला २०२४ मध्ये तिकडे मंजुरी मिळाली. लेकॅनेमॅबच्या चाचणीत दीड वर्षात आजाराची चाल सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. ऐकायला मोठं वाटतं. १८ गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक अर्ध्या गुणाहून कमी होता, आणि तोही आजार अगदी सुरुवातीला असलेल्यांत. मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याची भीती वेगळीच. म्हणजे अमायलॉइड निर्दोष नाही, पण एकटं दोषीही नाही.

दुसरा संशयित पेशींच्या आतले गुंते. ते टाऊ नावाच्या प्रथिनाचे असतात हे १९८६ च्या सुमारास कळलं. १९९१ मध्ये ब्राक दांपत्याने दाखवलं की हे गुंते मेंदूत ठरावीक वाटेने पसरतात. नवी आठवण जिथे बनते त्या भागापासून सुरुवात, मग बाहेर बाहेर. आईच्या बाबतीत हे समजल्यावर मला खूप गोष्टी उलगडल्या. सकाळी खाल्लेलं तिला आठवत नाही, पण लहानपण जसंच्या तसं आहे. तिचा जन्म निजामाच्या राजवटीतला. पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा सात वर्षांची होती. भाजीवाल्याने वीस रुपये सांगितले की ती विचारते, "हाली का कलदार?" हाली म्हणजे निजामाचा सिक्का, कलदार म्हणजे इंग्रजांचा. भाजीवाला पोरगा वीस वर्षांचा, तो माझ्याकडे बघतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमध्ये भारत आणि अमेरिकेच्या संशोधकांनी मिळून पाहणी केली. २००१ मध्ये आकडे आले. ६५ च्या पुढच्या हजार माणसांमागे वर्षाला नवे रुग्ण ४.७, आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या तुलनेच्या भागात १७.५. जगभर चर्चा झाली. भारतीयांकडे असं काय आहे? त्याच वर्षी अमेरिकेत उंदरांना हळदीतलं कर्क्युमिन देऊन मेंदूतला दाह आणि अमायलॉइड कमी झाल्याचं छापून आलं, आणि सगळ्यांना उत्तर मिळाल्यासारखं झालं. हळद! आमच्या मराठवाड्यात हिंगोली, वसमत म्हणजे हळदीचा बाजार. आमच्या घरात तर तेव्हापासून दूध-हळद सुरू झालं. म्हणजे बघा, एकाच आमटीत मारणारं पातेलं आणि तारणारी हळद! पण माणसांवरच्या चाचण्यांत कर्क्युमिनचा म्हणावा तसा उपयोग दिसला नाही, ते पोटातून रक्तात नीट जातच नाही. आणि बल्लभगडच्या आकड्यांबद्दल संशोधकांनी स्वतःच सावध केलं होतं. पाहणीचा काळ थोडा, आयुर्मान कमी, आणि आजारी माणूस लवकर दगावण्याची शक्यता.

मुंबईतही पाहणी झाली. २००१ मध्येच छापलेल्या त्या अभ्यासात चाळिशीपुढच्या २४,४८८ लोकांना गाठलं होतं, आणि ६५ च्या पुढे स्मृतिभ्रंशाचं प्रमाण २.४४ टक्के निघालं. २०२३ मध्ये देशभरच्या मोठ्या पाहणीतून अंदाज आला तो साठीपुढच्या लोकांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. दोन्ही अभ्यासांची पद्धत वेगळी, वयोगट वेगळे, त्यामुळे आजार तिपटीने वाढला असं म्हणता येत नाही. पण भारतीयांना काही कवच आहे ही समजूत मात्र गेली. नव्या पाहणीत पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त दिसलं, आणि कमी शिकलेल्यांतही.

इथे मी परत आईपाशी येतो. 'लॅन्सेट' च्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी चौदा कारणं मांडली. कमी शिक्षण, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, हवेचं प्रदूषण, एकटेपण वगैरे. ही सगळी हटवता आली तर जगातले जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील असा त्यांचा हिशोब. त्यात सर्वात मोठ्या दोन कारणांपैकी एक आहे ऐकू कमी येणं.

आईची शाळा चौथीत सुटली. ती हुशार होती, पण पुढची शाळा उर्दूतून आणि मुलगी म्हणून घरकाम आधी. त्यात माझा काही हात नव्हता. कानाचं तसं नाही. २००५ च्या आसपास ती टीव्हीचा आवाज वाढवायला लागली. आम्ही हसायचो. मी स्वतः तिला म्हणालोय, "बहिरी झालीस का गं?" मशीन आणलं २०१४ मध्ये. तेही तिला टोचायचं म्हणून बहुतेक वेळ कपाटात कापसात गुंडाळून. मधली नऊ वर्षं ती हळूहळू गप्पांतून बाहेर पडत गेली आणि आम्हाला वाटलं, वय झालं. मी पण शेवटी 'साठी बुद्धी नाठी' वालाच.

पातेल्यातून सुटलो आणि कानात अडकलो, असं झालं माझं.

ह्या बाबतीत डॉक्टरांशी बोललो. २०२३ मध्ये अमेरिकेत कानाच्या मशीनची मोठी चाचणी झाली. तीन वर्षांत सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही, पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्यांची घसरण जवळपास निम्म्याने मंदावली. मग आई कोणत्या गटात मोडली असती? डॉक्टर म्हणाले, हे आकडे लाखो माणसांचे आहेत, त्यांतून एका माणसाचं कारण काढता येत नाही. तिला मशीन २००५ मध्ये लावलं असतं तरी आज ती अशीच असती, किंवा आणखी चार वर्षं बरी गेली असती. दोन्ही शक्य आहे. ते मला मान्य आहे. पण त्या नऊ वर्षांत ती आमच्यात बसून एकटी होती, ह्याला कुठल्या संशोधनाची गरज नाही.

शंभर वर्षांत शास्त्रज्ञांनीही कितीदा तरी चुकीचा आरोपी धरला. पण तिथे दुसरा कोणीतरी पुन्हा काप काढून बघत होता, सशांचे गुंते माणसाच्या गुंत्यांशी ताडून बघत होता, छापलेला निबंध मागे घ्यायला लावत होता. आपल्या घरांत असं अपील नसतं. एकदा म्हटलं की "सुनेने नीट बघितलं नाही", "मुलगा लांब गेला", "जर्मनच्या भांड्यात शिजवलं", की ते कायमचं. आणि ते बहुतेक वेळा घरातल्या बाईवर येतं. बहिणीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं बाबा, ठेव तुझं पातेलं." तिने माझ्यावर आरोप केलाच नव्हता; भांडी कशासाठी विकली होती हे तिला माहीतच नव्हतं. ती तेव्हा दहा वर्षांची होती.

आमचं हे चाललेलं असताना आई पलंगावरून पातेल्याकडे बघत होती. मग मला म्हणाली (हल्ली ती मला अण्णा म्हणते, अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ), "अण्णा, पितळाचे किती आले रे?"

मी कानाशी जाऊन मोठ्याने म्हणालो, "पुरले आई."

"हाली का कलदार?"

"कलदार."

तिने मान डोलावली.

पातेलं आता गच्चीत आहे, तुळशीला पाणी घालायला. आणि ज्यांच्या घरी कोणी टीव्हीचा आवाज वाढवायला लागलं असेल, त्यांनी हसू नका. ह्याच आठवड्यात कान तपासून आणा. मशीन टोचत असेल तर ते बदलून घ्या, कपाटात ठेवू नका. एवढंच सांगायचं होतं, बाकी फार लांबलं. असो.